भिंतीवरच्या रेघा आणि दगडावरचे नाव
प्राकृत दानलेख व गाथा यांतील दांपत्याची अर्थव्यवस्था

१

मराठी कथा-कादंबरीच्या विवेचनात मिळवत्या स्त्रीचा विषय निघाला की त्याचा आरंभ बहुधा विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून धरला जातो. विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि शिकलेली, नोकरी करणारी, घराच्या प्रपंचाला हातभार लावणारी तरुणी मराठी वाचकांपुढे आली. तेव्हापासून ‘घरातला पैसा कोणाचा?’ हा प्रश्न इंग्रजी शिक्षणाचे आणि नागर मध्यमवर्गाचे अपत्य मानण्याची सवय समीक्षेला जडली. या समजुतीत तथ्य आहे. स्त्रीचे वेतन हा कथेचा उघड विषय होणे ही घटना खरोखरच अर्वाचीन आहे. मात्र त्या समजुतीआड दुसरी एक समजूत दडलेली असते : त्यापूर्वीच्या वाङ्मयात पुरुष मिळवत होता आणि स्त्री खात होती, त्यामुळे स्त्री-पुरुषांमधील आर्थिक जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्नच तेथे संभवत नव्हता. ही दुसरी समजूत तपासण्याजोगी आहे.

तपासणीसाठी ‘आर्थिक जबाबदारी’ ही एकसंध कल्पना फोडावी लागते. प्रपंचातील पैशाच्या संदर्भात निदान तीन क्रिया वेगळ्या मानल्या पाहिजेत : मिळवणे, राखणे आणि देणे. कोणतीही संहिता या तिन्ही क्रियांकडे सारख्याच नजरेने पाहत नाही. एका वाङ्मयप्रकाराला देणे दिसते, पण मिळवणे दिसत नाही; दुसऱ्याला राखणे दिसते, पण देणाऱ्याचे नाव दिसत नाही. म्हणून एखाद्या काळातील दांपत्याची आर्थिक व्यवस्था कोणत्याही एका संहितेवरून सांगता येत नाही. त्या संहितेच्या प्रकाराने काय पाहू दिले आणि काय झाकले, हे आधी ठरवावे लागते. सातवाहनकालीन महाराष्ट्राने या दृष्टीने दोन लक्षणीय संहितासमूह मागे ठेवले आहेत : सह्याद्रीतील लेण्यांचे प्राकृत दानलेख आणि हाल सातवाहनाच्या नावावर चालत आलेली ‘गाथासप्तशती’. दोहोंची भाषा प्राकृत, प्रदेश बराचसा एकच, आणि सप्तशतीतील थरांचा काळ वादग्रस्त असला तरी त्यांची सामाजिक पार्श्वभूमी परस्परांना परकी नाही. तरीही दोहोंतील गृहिणी एकमेकींना ओळखणार नाहीत इतक्या भिन्न आहेत. ही भिन्नता कशातून येते, हा येथील प्रश्न आहे.

२

कर्जतजवळ, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे गावाची लेणी इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतील मानली जातात. लाकडी वास्तूचे अनुकरण करणारा तेथील चैत्यगृहाचा दर्शनी भाग आणि विहारांची रचना यांची कलेतिहासात पुष्कळ चर्चा झाली आहे. येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. दर्शनी भागावरील शिल्पपट्टांत नृत्य करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. आणि एका भव्य, आता भग्न झालेल्या मस्तकाजवळ एक त्रोटक ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय.

या लेखात ‘दान’ हा शब्द नाही, ‘देयधम’ नाही. आहे ते ‘कतं’, म्हणजे ‘केले’. लेख कर्त्याचा आहे, दात्याचा नाही. बलकाची ओळख गुरूच्या नावाने होते. पिता, माता, पत्नी यांपैकी कोणाचाही उल्लेख येत नाही. दगडात कोरलेली जोडपी आणि दगडात कोरलेले एकट्या पुरुषाचे नाव यांच्यात काहीही संबंध जोडलेला नाही. ज्या द्रव्यावर ही जोडपी घडवली गेली ते द्रव्य कोणाच्या घरातून आले, हे हा लेख सांगत नाही. शिल्पात दांपत्य आहे आणि लेखात श्रम आहे; त्या दोहोंना जोडणारा पैसा अनुक्त राहिला आहे.

हे मौन भरून काढण्याचा मोह टाळला पाहिजे. शिल्पातील स्त्री पुरुषाच्या बरोबरीने नाचते, म्हणून ती व्यवहारातही बरोबरीची होती, असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका चिन्हव्यवस्थेचे उत्तर दुसरीच्या प्रश्नाला चिकटवणे होय. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावरील प्रसिद्ध दंपतींच्या बाबतीत असे भाबडे वाचन पुष्कळदा झाले आहे. कोंडाण्याचा लेख उपयोगी पडतो तो वेगळ्या कारणाने. ‘करणे’ आणि ‘देणे’ यांची नोंद निरनिराळ्या सूत्रांनी होते, आणि सूत्र बदलले की नात्यांची मांडणीही बदलते, याची तो जाणीव देतो. ‘कतं’ म्हणणाऱ्या या लेखाला कुटुंबाची गरज पडली नाही. ‘देयधम’ म्हणणाऱ्या लेखांना मात्र ती फार वेळा पडते.

३

कोंडाणे ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कुडा येथील लेखांत हे कुटुंब तपशिलाने भेटते. महाभोज मांदव खंदपालिताच्या सेवेतील लेखक शिवभूती याने आपले लेणे पत्नी नंदा हिच्यासह दिले. त्याचा धाकटा भाऊ शिवम याच्या दानलेखाची रचना त्याहून गुंतागुंतीची आहे. शिल्पकाम हे शिवम, त्याची पत्नी विजया आणि त्यांचे पुत्र सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त व सपिल यांचे दान. खांब मात्र सपा, शिवपालिता, शिवदत्ता आणि सुलसदत्ता या कन्यांचे. कुटुंब एक, पण दानाचा भाग वेगळा पाडलेला. पत्नी पतीच्या आणि पुत्रांच्या गटात मिळून गेली आहे; कन्यांच्या वाट्याला स्वतंत्र वस्तू आणि स्वतंत्र नावे आली आहेत. त्यांतील तिघींची नावे भावांच्याच नावांची स्त्रीरूपे आहेत, ही गोष्टही बोलकी आहे. नाव घराच्या साच्यातून आले, दान मात्र स्वतःचे म्हणून नोंदले गेले.

याच कुड्याला भयिला नावाच्या ब्राह्मणीचा लेख आहे. अयितिलु या ब्राह्मण उपासकाची ती भार्या. चैत्यगृह हे तिचे दान. येथे ‘सह’ नाही. पती षष्ठी विभक्तीत येतो, तिची ओळख पुरवतो आणि बाजूला होतो; देणे तिचे एकटीचे राहते. म्हणजे एकाच डोंगरातील लेखांत विवाहित स्त्रीच्या आर्थिक कर्तृत्वाची दोन व्याकरणे आढळतात : पतीसह देणारी नंदा किंवा विजया, आणि पतीच्या नावाने ओळखली जाऊनही स्वतः देणारी भयिला.

नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात हे व्याकरण आणखी एक पाऊल पुढे जाते. नहपानाचा जावई उषवदात याच्या तेथील लेखांत दानांची दीर्घ यादी आहे. बेचाळिसाव्या वर्षाच्या लेखात तीन हजार कार्षापणांची अक्षयनिधी नोंदलेली आहे. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसऱ्या विणकरश्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी योजना आहे. हिशेब पडताळून पाहता तो चोख जुळतो : दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळूनही दोनशे चाळीस. निगमसभेत हे ऐकवले गेले आणि फलकावर लिहिले गेले, असेही लेख सांगतो.

त्याच लेण्यात त्याच्या पत्नीचा, दक्षमित्रेचा, लेख आहे. तो जेमतेम एका वाक्याचा. राजा क्षहरात क्षत्रप नहपानाची कन्या, दीनीकपुत्र उषवदाताची कुटुंबिनी दक्षमित्रा हिचे देयधर्म म्हणून ओवरक, म्हणजे ओवरी. रक्कम नाही, दर नाही, श्रेणी नाही, सभा नाही. पतीच्या लेखाला हिशेबवहीची शिस्त आहे. पत्नीच्या लेखात द्रव्याचे वस्तूत रूपांतर आधीच होऊन गेले आहे. ते द्रव्य पित्याकडून आले, पतीकडून आले की तिच्या स्वतंत्र ताब्यातील होते, हे विचारण्याची सोयच त्या सूत्राने ठेवलेली नाही.

पण हे वाचन एवढ्यावर थांबवले तर ते एकांगी होईल. उषवदाताच्या लेखांतही त्याची पहिली ओळख ‘जामाता’ अशी होते. तो नहपानाचा जावई आणि मग दीनीकाचा पुत्र. ज्या नात्याने दक्षमित्रा कन्या, त्याच नात्याने उषवदात जामाता. स्त्रीला पुरुषाच्या नावाने ओळखले जाते, एवढे सांगून स्त्रीवादी समीक्षेचे काम भागत नाही. येथे पुरुषाची सार्वजनिक पतही पत्नीच्या माहेरावर उभी आहे, आणि तरीही त्या पतीचा वापर करून मोठे व्यवहार करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. पत दोघांची, व्यवहार एकाचा, अशी ही विषम भागीदारी आहे.

विषमतेचा सर्वांत तीव्र पुरावा त्याच लेखातील एका विशेषणात आहे. उषवदाताने प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना आठ भार्या दिल्या, म्हणजे आठ विवाहांचा खर्च केला, असे तेथे अभिमानाने नोंदले आहे. गायी, सुवर्ण, घाट, नावा आणि गावे यांच्या यादीत भार्या येतात. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९४९ साली स्त्रियांच्या देवघेवीवर उभ्या असलेल्या नातेव्यवस्थेचा सिद्धांत मांडला आणि गेल रुबिन यांनी १९७५ साली त्याची स्त्रीवादी फेरतपासणी केली. त्या चर्चेतील प्रश्न नाशिकच्या एका लेण्यात समूर्त झालेला दिसतो. एका भिंतीवर भार्या ही देय वस्तू आहे, दुसरीवर भार्या ही दात्री आहे. दोन्ही वाक्ये एकाच घरातून निघाली आहेत. दक्षमित्रा देऊ शकते ती त्या आठजणींपेक्षा वेगळी ‘स्त्री’ असल्यामुळे नाही. क्षत्रपाची कन्या असल्यामुळे. वर्ग लक्षात न घेता दानलेखांतून स्त्रियांचे आर्थिक स्वातंत्र्य सिद्ध करणारे विवेचन या आठ नामहीन भार्यांना ओलांडूनच पुढे जात असते.

४

दानलेखांतून सप्तशतीकडे वळले की नाव नाहीसे होते आणि घर दिसू लागते. दानलेखांतील घराला भिंती नाहीत, चूल नाही, टंचाई नाही. देण्याइतके शिल्लक उरल्यावरच लेख सुरू होतो. गाथेतील घर बहुतेक वेळा शिल्लक नसलेले घर आहे. पहिल्याच्या नायिकेला नाव आहे. दुसरीची नायिका ‘गृहिणी’, ‘जाया’, ‘पथिकवधू’ एवढीच आहे. गाथांच्या परंपरेत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशी कवयित्रींची नावे सांगितली जातात, पण गाथेच्या आतील स्त्री अनामच राहते.

या अनाम स्त्रीचे आर्थिक कर्तृत्व ‘राखणे’ या क्रियेत आहे. दरिद्री घरातील गर्भवतीला पती तिचे डोहाळे पुन्हापुन्हा विचारतो आणि ती प्रत्येक वेळी पाणीच मागते, अशी एक गाथा आहे. पाणी फुकट असते. पतीला परवडणार नाही अशी इच्छा होऊच न देणे, किंवा झालेली इच्छा न बोलणे, ही तिची बचत. दुसऱ्या एका गाथेतील कुलीन स्त्री आपल्याच श्रीमंत माहेरच्या माणसांवर रागावते, कारण त्यांचा थाटमाट तिच्या पतीच्या दारिद्र्याला उघडे पाडतो. जे माहेर दक्षमित्रेच्या लेखात पत म्हणून पुढे येते, तेच येथे धोका म्हणून बाहेर ठेवले जाते. दोन्ही स्त्रिया पतीची प्रतिष्ठाच सांभाळत आहेत. एकीजवळ त्यासाठी पित्याचे नाव आहे, दुसरीजवळ केवळ स्वतःचा राग आहे.

उत्तरकालीन प्राकृत संग्रह ‘वज्जालग्ग’ यात सुगृहिणींचा स्वतंत्र विभागच आहे. तेथील एका गाथेत पाहुणे आल्यावर घरात काही नसल्याने गरीब गृहिणी हातातली मंगलवलये विकते आणि सारे गाव रडते. आतिथ्य हे गृहस्थाचे कर्तव्य; त्याची किंमत भरली गेली ती स्त्रीच्या अंगावरच्या धनातून. गाथेने गावाला रडवले, पण पतीविषयी ती एक शब्दही बोलत नाही. करुणरसाने आर्थिक प्रश्न झाकला जातो तो असा. वाचकाचे डोळे वलयांवर खिळतात आणि ‘ही जबाबदारी मुळात कोणाची?’ हा प्रश्न उठेनासा होतो.

सप्तशतीतील दुसरी एक प्रसिद्ध गाथा हाच व्यवहार शृंगाराच्या रीतीने मांडते. माघाच्या थंडीत शेतकरी पांघरूण देऊन बैल घेतो, कारण पत्नीच्या उबदार स्तनांकडे पाहून पांघरुणाची गरज त्याला उरत नाही. पारंपरिक टीकेने येथे ग्रामीण शृंगाराची रसिकता पाहिली. आर्थिक दृष्टीने पाहता ही गाथा एका भांडवली निर्णयाची आहे. घरातील उपभोग्य वस्तू मोडून उत्पादनाचे साधन विकत घेतले जात आहे, आणि तो सौदा शक्य होतो तो पत्नीच्या देहाची ऊब हिशेबात धरल्यामुळे. बैल पुरुषाच्या मालकीचा होईल. ऊब मात्र कुठेच जमा दाखवली जाणार नाही. गाथाकाराने ही देवघेव पाहिली, तिचा विनोद केला आणि म्हणूनच ती टिकवली. कोणत्याही दानलेखाला ती दिसली नसती.

आणि मग पथिकाची पत्नी. पती मिळवण्यासाठी परदेशी गेलेला. ती त्याच्या अवधीचे दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजते. एका गाथेत पहिल्याच दिवसाच्या पूर्वार्धात भिंत रेघांनी भरून जाते. दुसरीत वादळाने छपराचे गवत उडाल्यावर आत कोसळणाऱ्या पाण्याच्या धारांपासून ती त्या रेघा तळहातांनी झाकून वाचवते. स्वतःला वाचवल्याचा उल्लेख नाही. काव्यशास्त्राने हिला प्रोषितभर्तृका हे नाव देऊन विरहाच्या खात्यात जमा केले. पण त्या रेघा म्हणजेही एक लेख आहे. तो दगडावर नसून मातीच्या भिंतीवर आहे. त्यात नाव नसून संख्या आहे. तो निगमसभेत ऐकवला जात नाही, आणि पाऊस आला की पुसला जातो. पती मिळवत असताना घर तगवून धरण्याच्या काळाची ती नोंद आहे. उषवदाताच्या लेखातील वर्षे आणि पथिकवधूच्या भिंतीवरील दिवस ही एकाच आर्थिक व्यवस्थेतील कालगणना आहे; एक टिकावी म्हणून कोरली गेली, दुसरी टिकावी म्हणून हातांनी झाकावी लागली.

५

दानलेख आणि गाथा यांच्यामधील दरी शास्त्रग्रंथांच्या साहाय्याने काही अंशी भरता येते. मात्र शास्त्र हे आचाराचे छायाचित्र नसून आचाराला लावलेला दंडक असतो, हे भान ठेवूनच. आपस्तंब धर्मसूत्र सांगते की पती-पत्नींमध्ये विभाग नाही. पाणिग्रहणापासून कर्मांत, पुण्यफलांत आणि द्रव्याच्या संपादनात त्यांचे सहत्व असते. पती प्रवासात असताना पत्नीने प्रसंगपरत्वे केलेले दान ही चोरी मानली जात नाही, असेही तेथे म्हटले आहे. हे वचन भयिलेच्या चैत्यगृहाला आणि पथिकवधूच्या घराला एकाच वेळी स्पर्श करते. पण ‘चोरी नाही’ ही भाषाच सांगते की आक्षेप घेतला जात असला पाहिजे. अधिकार येथे अपवादाच्या वाटेने येतो.

मनुस्मृती एका ठिकाणी भार्या, पुत्र आणि दास यांना निर्धन ठरवते, दुसऱ्या ठिकाणी स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजते, आणि तिसऱ्या ठिकाणी द्रव्याचा संग्रह व व्यय या कामी पत्नीला नेमावे असे सांगते. मालकी नाही, काही धन मात्र आहे, आणि व्यवस्थापन पूर्णतः तिचे, अशी ही तिहेरी मांडणी आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त भार्येने वर्षाची आवक मोजून त्यानुसार खर्च करावा, दररोजच्या जमाखर्चाची बेरीज ठेवावी, आणि पती प्रवासात असताना विश्वासू नोकरांकरवी खरेदी-विक्री करून द्रव्य वाढवावे, खर्च आटोक्यात ठेवावा, असे सांगितले आहे. म्हणजे प्रोषितभर्तृका केवळ रेघा मोजत नव्हती. शास्त्राच्या अपेक्षेप्रमाणे तिने पैसाही मोजायचा होता. काव्याने तिच्या बोटांवरचे दिवस घेतले आणि पैसे सोडून दिले.

कौटिल्याने तर तिला मिळवतीच केले. ‘अर्थशास्त्रा’तील सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात घराबाहेर न पडणाऱ्या, विधवा, व्यंग असलेल्या आणि पती प्रवासात असलेल्या स्त्रियांना उदरनिर्वाहासाठी सूत कातण्याचे काम दासींमार्फत घरपोच द्यावे, असे सांगितले आहे. ज्या स्वतः सूत्रशाळेत येतील त्यांची देवघेव पहाटे व्हावी. दिवा सूत तपासण्यापुरताच असावा. अधिकाऱ्याने तिच्या मुखाकडे पाहिले किंवा इतर बोलणे काढले तर दंड, आणि वेतनाला विलंब केला तर त्याहून मोठा दंड. गाथेतील विरहिणी आणि सूत्रशाळेच्या दिव्यापाशी सूत मोजून देणारी स्त्री यांना संस्कृतात एकच विशेषण आहे : प्रोषिता.

याच ठिकाणी गोवर्धनच्या विणकरश्रेणी आठवतात. वीस भिक्षूंच्या चीवरांचे व्याज त्या श्रेणींनी द्यायचे होते. व्याज येते कापडाच्या नफ्यातून, कापड सुतातून, आणि सूत कोणाच्या हातचे, याविषयी लेख गप्प आहे. अर्थशास्त्रातील व्यवस्था गोवर्धनला जशीच्या तशी होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु कातणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची शक्यता त्या दोनशे चाळीस कार्षापणांच्या चोख हिशेबात गृहीत धरली तरच पुरुष दात्याच्या उदार लेखाखालची आर्थिक साखळी पुरी होते. आणि या श्रमाचे मोल कायद्यात कसे विरघळले, हे कात्यायन स्मृती सांगते : स्त्रीने शिल्पाने, म्हणजे कारागिरीने, मिळवलेले द्रव्य आणि परक्याने प्रीतीने दिलेले द्रव्य यांवर पतीचे स्वामित्व, उरलेले ते स्त्रीधन. आप्तांनी दिलेले तिचे, श्रमाने मिळवलेले त्याचे. स्त्री दाती म्हणून लेखांत दिसते आणि मिळवती म्हणून कुठेच दिसत नाही, याचे एक कारण या विभागणीत आहे. ज्या द्रव्यावर तिचे नाव चालत होते ते तिला मिळालेले द्रव्य होते. ज्यावर तिचे श्रम होते त्यावर तिचे नाव चालत नव्हते.

याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर ठेवले नाही. मंगलवलये विकणारी गृहिणी या तरतुदीच्या उजेडात पाहिली म्हणजे तिची गाथा अपवादात्मक त्यागाची राहत नाही. संकटकाळी स्त्रीचे धन हे घराचे धन, ही शास्त्राची रीत. सुकाळात पुरुषाचे धन हे स्त्रीचे धन, असे मात्र त्याच शास्त्राने म्हटले नाही. सहत्व आहे, पण ते एका दिशेने वाहते.

६

या विवेचनातून समीक्षेच्या पद्धतीविषयी दोन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी की दानलेखांना केवळ इतिहासाची साधने आणि गाथांना केवळ काव्य मानण्याची विभागणी स्त्रीविषयक प्रश्नांच्या बाबतीत अडचणीची ठरते. वासुदेव विष्णु मिराशी यांनी सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांच्या लेखांचे संपादन केले, स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली सप्तशतीची सटीक आवृत्ती मराठीत आणली. ही दोन्ही कामे मराठी अभ्यासकाच्या हाताशी आहेत. पण लेख इतिहासाच्या अभ्यासकाकडे आणि गाथा साहित्याच्या अभ्यासकाकडे गेल्याने एकीकडे स्त्रीची उदारता आणि दुसरीकडे स्त्रीची कातरता अशी दोन चित्रे तयार झाली आणि कधी समोरासमोर आली नाहीत. दानलेखही एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला सूत्र आहे, संकेत आहेत, अपेक्षित श्रोता आहे आणि म्हणूनच त्याची मौनेही आहेत. देण्याच्या क्षणाला तो स्थिर करतो आणि मिळवण्याचा व राखण्याचा काळ पुसून टाकतो. गाथा नेमके उलट करते.

दुसरी गोष्ट सिद्धांताची आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लिहित्या स्त्रीसाठी वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली या दोन अटी सांगितल्या. दक्षमित्रेपाशी द्रव्य होते आणि खोलीही होती; पण ती खोली तिने भिक्षुसंघाला दिली, आणि तिच्या हाती उरले ते खोलीवरचे एक वाक्य. त्या वाक्यात ती कन्या आहे, कुटुंबिनी आहे, दाती आहे. द्रव्य असणे, त्यावर नाव असणे आणि त्याविषयी बोलता येणे या तीन पायऱ्या आहेत, आणि पहिलीवरून तिसरी आपोआप गाठता येत नाही. अर्वाचीन मराठी गद्यात जे नवे घडले ते या तिसऱ्या पायरीवर घडले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त किंवा आनंदीबाई कर्व्यांच्या ‘माझे पुराण’ या १९४४ सालच्या आत्मकथनात पती देणारा आणि पत्नी निभावणारी ही वाटणी जवळजवळ प्राचीनच आहे. टिळकांचा दातृत्वाचा स्वभाव आणि कर्व्यांनी संस्थेसाठी दिलेले जीवन यांचा भार घरात कोणी उचलला, हे पुराव्यासाठी शोधत बसावे लागत नाही. बदलले आहे ते एवढेच की निभावणारीच आता कथन करते आहे. भिंतीवरच्या रेघा पुस्तकात आल्या आहेत. देणाऱ्या पतीकडे हसत, चिडत, कधी आदराने पाहणारा तो आवाज दानलेखाला आणि गाथेला दोघांनाही अपरिचित होता.

म्हणून ‘कळ्यांचे निःश्वास’पासून मिळवत्या स्त्रीचा आरंभ मानणाऱ्या समजुतीत दुरुस्ती करावी लागते. स्त्री तेव्हा प्रथम मिळवती झाली असे नाही; तिचे मिळवणे तेव्हा कथनाचा विषय झाले. या दोन विधानांमधील अंतर जपले नाही तर आर्थिक बरोबरीची आजची चर्चाही जुन्याच सूत्रात अडकेल. पती-पत्नी दोघेही मिळवतात अशा घरांच्या कथा-कादंबऱ्या वाचताना पगार किती आणि कोणाचा, एवढेच पाहिले जाईल. राखण्याचे काम कोणाच्या वेळेतून होते, पाहुण्यांसाठी काय मोडले जाते, कोणाचे डोहाळे बोललेच जात नाहीत, आणि देणगीच्या पावतीवर कोणाचे नाव येते, हे प्रश्न पुन्हा भिंतीवरच्या रेघांसारखे पुसले जातील.

कोंडाण्याच्या शिल्पपट्टांतील जोड्यांचे पाय अजून तालात आहेत. त्यांच्याजवळ कोरलेले नाव बलकाचे आहे, आणि तो प्रामाणिकपणे एवढेच म्हणतो की त्याने केले. दिले कोणी, त्यासाठी कोणी राखले, कोणी मिळवले, हे त्या लेखाने सांगितलेले नाही; ते त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार समीक्षेलाही नाही. प्रत्येक संहितेच्या अशा रिकाम्या जागा मोजून ठेवणे, आणि दुसरी संहिता हाती आल्यावर त्या तिच्याशेजारी ठेवून वाचणे, हे काम मात्र समीक्षेला टाळता येणार नाही.